मदतीचा रकाना

साडूचं तोंड मिटलेलं होतं. बाकीचं सगळं मी नंतर पाहिलं, आधी दिसलं ते हे मिटलेलं तोंड. टाकीच्या चढावर, दुसऱ्या वळणानंतर, जिथे रस्ता एकदम अंगावर येतो आणि माणसाला नाक नावाचा अवयव आहे याचाही विसर पडतो, तिथे माझ्या उजव्या बाजूने एक सायकल वर गेली. तिच्यावर ताठ बसलेला माणूस ओठ मिटून समोर पाहत होता, जणू कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला निघाला होता. बावीस वर्षं आम्ही दर रविवारी हा चढ चढतो. बावीस वर्षांत त्या वळणावर मिटलेलं तोंड मी पाहिलं नव्हतं. आमच्यातला दंतवैद्य तर म्हणतो, माझ्या खुर्चीत जी तोंडं उघडत नाहीत ती इथे न सांगता उघडतात. तोंडानंतर ऐकू आला तो आवाज. बारीक, सलग, बंद खोलीत डास असावा तसा. मग दिसली ती सायकलची नळी, आत मोटारीची बॅटरी कोंबल्याने मधोमध सुजलेली, गळ्याला आवाळू आल्यासारखी. आणि शेवटी तो म्हणाला, "चला साडूभाऊ." दोन शब्द, पण अख्खे. त्या वळणावर शब्द नेहमी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतात, दोन श्वासांच्या मधल्या फटीतून. त्याचे दोन्ही शब्द सबंध होते, घरी सोफ्यावर बसून म्हटल्यासारखे. शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं.

मी पाय टेकला नाही, हे आधी सांगतो. आमच्याकडे तेवढीच एक गोष्ट मोजली जाते. आम्ही सातजण आहोत, सगळे पंचावन्नच्या पुढचे. सकाळी सहाला गावाबाहेरच्या पुलाशी जमायचं, तळ्याच्या बांधावरून सरळ रस्त्याने टेकडीपर्यंत जायचं, चढून वरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावायचा. मग दंतवैद्य आपल्या पिशवीतून लांबट वही काढतो. वहीत तारीख, नाव, वेळ, वारा आणि शेवटचा रकाना 'पाय'. चढावर किती वेळा पाय जमिनीला लागला ते ज्याचं त्याने लिहायचं. कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही. शेजारच्याने दोनदा टेकलेला पाहिला आणि त्याने एकदा लिहिलं, तरी कोणी बोलायचं नाही. पण असं कधी झालेलं नाही. या वहीत बावीस वर्षांत कोणी खोटं लिहिलेलं नाही, असं आम्ही मानतो, आणि या गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदाबद्दल मी असं म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच कागदांवरच्या रेघा मीच ओढलेल्या आहेत. माझ्या नावापुढे शून्यं आहेत. एकदा फक्त एक आहे, चेन तुटली होती तेव्हाचा. 'चेन तुटली' असं कंसात लिहावंसं वाटलं होतं. लिहिलं नाही. पाय टेकला तो टेकला.

साडूच्या नावापुढे चार, तीन, पाच, एकदा सात. सात लिहितानाही तो हसला होता. त्याचं सगळं अंगच ढिसाळ, पाठ कपाटाच्या दारासारखी, आणि सायकल चालवण्याची रीत लहान मुलासारखी. बांधावर समोरून वारा असतो. सकाळी तो टेकडीकडून तळ्यावर येतो आणि नऊनंतर फिरून तळ्याकडून टेकडीकडे जातो, म्हणजे जाताना समोर आणि येतानाही समोर. अशा वाऱ्यात शहाणा माणूस अंग राखून चालवतो. साडू मात्र पुलापासूनच पुढे. डोकं खाली घालून, पाठ उघडी टाकून, सगळी ताकद सपाटीवर उधळायची आणि चढाच्या तोंडाशी आलं की पाय टेकत, हात पसरल्यासारखं वर यायचं. मी त्याला किती वेळा समजावलं असेल. चिडून नाही, नीट, टप्प्याटप्प्याने, पहिलीतल्या मुलाला वजाबाकी शिकवावी तसं. आधी शिल्लक ठेवायला शिका, मग खर्च. तो मान हलवायचा. "खरं आहे तुमचं." आणि पुढच्या रविवारी पुन्हा पुढे, मधूनमधून खांद्यावरून मागे वळून पाहत. तेही चुकीचंच. मान वळवली की हँडल वळतं, हे मी आमच्या इमारतीतल्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

त्या दिवशी भिंतीला हात लावून मी खाली बसलो, घशात लोखंडाची चव, कानात ठोके, आणि साडू उभा राहून वहीत लिहीत होता. त्याने शून्य लिहिलं. गोल, पोट सुटलेलं शून्य. "घ्या," तो म्हणाला, "आलं आमचंही एकदाचं." आणि पेन माझ्या हातात दिलं. त्याच्या त्या शून्याखाली मी माझं शून्य काढलं. दोन्ही सारखीच दिसत होती. कागदाला काय कळतं. मला जी किळस आली ती मोटारीची नव्हती, त्या सारखेपणाची होती. रस्त्यावर हजार लोक मोटारी लावून हिंडतात, मी त्यांच्याकडे बघतही नाही. ते प्रवासी आहेत, पोचणं हेच त्यांचं काम. पण पोचून वर शून्य लिहायचं, हसत लिहायचं.

मग वाद झाला. वाद म्हणजे काय, सात म्हाताऱ्यांनी चहाच्या थर्मासभोवती बसून एकमेकांची वाक्यं तोडायची. दंतवैद्याने सुरुवात केली. सायकल म्हणजे पायाने चालते ती, बाकी सगळी वाहनं. छापखानेवाला म्हणाला की माणूस वर येतोय ना, मग पुरे. त्याचा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतोय, तेव्हा त्याचं मत कुठून येतं ते मला समजलं. साडूने आपणहून माहिती पुरवली की नुसतं बसून ती चालत नाही, पायडल मारावंच लागतं, ती फक्त पाठीवर हात ठेवते. पाठीवर हात. दंतवैद्य म्हणाला, "दुसऱ्याच्या दातांनी चावायचं आणि पचनशक्तीचं कौतुक सांगायचं, याला काय म्हणतात?" त्यावर आमच्यातल्या एकुलत्या बाई, त्या शिवणकामाच्या शाळेत शिकवायच्या, शांतपणे म्हणाल्या, "कवळी म्हणतात, डॉक्टर. तुमचं निम्मं घर तिच्यावरच उभं आहे." सगळे हसले. साडू सगळ्यांत मोठ्याने. मी हसलो नाही. मी म्हटलं की वाद कशाला, वहीत एक रकाना वाढवू. 'पाय'च्या पुढे 'मदत'. ज्याने जी मदत घेतली असेल ती त्याने लिहावी, आणि ज्याचा तो रकाना भरलेला असेल त्याने पुलावरून अर्धा तास उशिरा निघावं. कोणाचा अपमान नाही, नोंद फक्त. माझा आवाज इतका समंजस होता की मला स्वतःलाच बरं वाटलं. दंतवैद्य म्हणाला, रकाना तुम्हीच आखा, तुमचा हात आहे, पुढच्या रविवारी हात वर करून पक्कं करू. साडू काय म्हणतो म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." त्याला राग यावा एवढीसुद्धा मेहनत त्याने घेतली नाही.

वही घेऊन मी घरी आलो. मी पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो. ज्या टाकीच्या भिंतीला आम्ही हात लावतो तिचे आराखडे माझ्या टेबलावरून गेले आहेत. उंच टेबल, डाव्या बाजूने येणारा उजेड, दुधी कागद, शाईचं पेन. शाईची रेघ चुकली तर खोडरबराने जात नाही. दाढीचं पातं आडवं धरून, श्वास रोखून, शाई खरवडून काढायची. चूक निघते, पण तिथे कागद पातळ होतो. कागद खिडकीशी धरला की आरपार दिसतं, या ठिकाणी या माणसाचा हात चुकला होता. माझ्या साहेबांना सवयच होती, प्रत्येक आराखडा आधी उजेडाकडे धरून बघायचा. मग मशीन आलं. शेवटची सहा वर्षं मी मशीनच्या खोलीत नव्या लोकांच्या मागे उभा राहून काढली. ज्याचा हात थरथरतो त्याचीही रेघ सरळ, आणि चूक पुसली की काही म्हणजे काही उरत नाही, उजेडाकडे धरायला कागदच नाही. त्याला ते सोय म्हणत. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला त्या मशीनवर काढलेलं माझं नाव भेट दिलं, चौकटीत बसवून. अक्षरं निर्दोष होती. मी ते माळ्यावर टाकलं.

घरी बायको माझे जुने सदरे कापून फडकी करत बसली होती. मी तिला साडूची नक्कल करून दाखवली. मिटलेले ओठ, ताठ मान, डासाचा आवाज. मला वाटलं ती हसेल, धाकट्या बहिणीचा नवरा हा तिचा हक्काचा विनोदाचा विषय आहे. तिने कात्री खाली ठेवली नाही. गळपट्टीपाशी कापता कापता म्हणाली, "त्यांच्या छातीत दोन नळ्या घातल्यात." गेल्या महिन्यात ते धाकटीच्या नणंदेकडे गेले म्हणून चार रविवार आले नव्हते, तेव्हा ते नणंदेकडे नव्हते. डॉक्टरांनी सायकल बंद म्हणून सांगितलं होतं. त्याने बरीच घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं, की तोंड मिटून जेवढी चालवता येईल तेवढीच चालवायची. श्वासाला तोंड उघडावं लागलं की तिथल्या तिथे उतरायचं. टाकीच्या चढावर ते जमणार नव्हतं, म्हणून ती सायकल. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "धाकटीने सगळ्यांना बजावलं होतं. तुम्ही हसला असतात." मी म्हटलं, आजारावर हसेन मी? ती म्हणाली, "आजारावर नाही."

माणसाचा राग पाण्यासारखा असतो. एक नळ बंद केला की दुसरीकडून येतो, हे खात्यातली माणसं जाणतात. मला वाईट वाटायला हवं होतं. दोन मिनिटं वाटलंही. मग मनात आलं, मग घरी बसावं. पत्ते खेळावेत. आजारी माणसाने आजारी असावं, निदान तेवढं तरी प्रामाणिकपणे. मिटलेल्या तोंडामागे डॉक्टरांचा हुकूम होता, ठीक. पण ते शून्य कोणी लिहायला सांगितलं होतं? रकान्यात खरं काय ते लिही, बाबा. नळ्या, मोटार, काय असेल ते. मी ती वही टेबलावर उघडी ठेवली होती आणि येताजाता तिच्याकडे पाहत होतो. बायको म्हणते की माझा सगळा धीर दहा वर्षांखालच्या मुलांवर खर्च होतो आणि मोठ्यांसाठी तळाचा गाळ उरतो. खरं असेल. इमारतीतल्या सगळ्या मुलांना सायकल मी शिकवली. बाजूची दोन छोटी चाकं लावतात, ती मी आधी काढून टाकतो. मग दोन्ही पायडलंही काढतो. मुलाने सीटवर बसून नुसतं पायांनी जमीन ढकलत जायचं. त्यांना मी सांगतो, जमीन आपलीच आहे, हवा तेव्हा पाय टेका, हजार वेळा टेका, त्यात लाज नाही. आठवडाभरात पाय आपोआप उचलले जातात. मी कधी कोणाची सीट धरून मागे पळालेलो नाही. माझ्या मुलीचीही नाही. ती शिकली तेव्हा सातची होती. समोरच्या गल्लीत मी लांब उभा राहून सूचना देत होतो आणि ती एकदम सुटली, सरळ माझ्याकडे आली, आणि मी सगळ्यांना पद्धत कशी लागू पडते ते कित्येक वर्षं सांगत राहिलो. लग्न ठरलं तेव्हा कधीतरी तिने हसत हसत सांगितलं, की बाबा, रोज तुम्ही कामावर गेलात की काका यायचे आणि सीट धरून गल्लीतून पळायचे, आठ दिवस. काका म्हणजे साडू. मी म्हटलं होतं, तरी शेवटी सुटलीस ती माझ्याच पद्धतीने. ती म्हणाली होती, हो बाबा.

बुधवारी मी रकाना आखला. बावीस वर्षांच्या त्या वहीत नवी रेघ ओढायची म्हणजे जुन्या रेघांच्या मापाशी मिळवून घ्यायला हवी. मी जुनं पेन काढलं, कोमट पाण्यात धुतलं, शाई भरली. रेघ सुंदर आली. वर 'मदत' लिहिलं. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, मला ती उगाच उघडी वाटली. गुरुवारी सकाळी मी एकटाच सायकल काढली. बायकोला म्हटलं, पाय मोकळे करून येतो. कुठे ते सांगितलं नाही. बांधावर वारा नेहमीचाच होता, गवत नेहमीइतकंच वाकलेलं. पहिल्या मैलात मला वाटलं ब्रेक घासतोय. उतरून चाक फिरवलं, मोकळं होतं. टायर दाबून पाहिला, कडक होता. मग वाटलं रात्री झोप नीट झाली नाही. वारा छातीवर येत होता, सदऱ्यात शिरत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, आणि मला आठवेना की रविवारी डोळ्यांतून पाणी कधी आलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तोवर मांड्या भरून आल्या होत्या. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणानंतर, जिथे साडू मला ओलांडून गेला होता, तिथे माझा डावा पाय आपोआप खाली गेला, हात विस्तवावरून मागे यावा तसा. तळव्याखाली खडी लागली. त्याच्या वरती पन्नास पावलांवर पुन्हा एकदा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

यात समजायला अवघड असं काही नाही, मुलालाही समजेल. पुढचा माणूस हवा फाडत जातो. त्याच्या पाठीमागे, हात-दोन हात, हवेत एक पोकळी राहते. त्या पोकळीत चाकाला चाक लावून जो चालवतो त्याला तिसरा हिस्सा कमी जोर लागतो. पाठ जितकी रुंद तितकी पोकळी मोठी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते दुसऱ्यांना शिकवलेलं आहे, पक्ष्यांच्या थव्याचं चित्र काढून. फक्त ते माझ्याबद्दल असेल असं मला कधी वाटलं नाही. साडू नव्हता त्या चार रविवारीही मी कोणाच्या ना कोणाच्या पाठीमागे होतोच. बावीस वर्षं मी समजत होतो की मी अंग राखून चालवतो. माझं अंग साडू राखत होता. मी खडीत उभा राहिलो आणि सगळ्यांत आधी मला त्याचाच राग आला. मग खांद्यावरून मागे पाहणारी ती मान आठवली. तो रस्ता पाहत नव्हता. मी त्याच्या सावलीत आहे ना, ते पाहत होता. मागे पडलो तर वेग कमी करत होता. आणि वर पोचल्यावर माझं व्याख्यान ऐकून म्हणत होता, खरं आहे तुमचं. मग चार लिहीत होता. त्याने मला एकदाही सांगितलं नाही, आणि हाच मला त्याचा सगळ्यांत मोठा उर्मटपणा वाटला. उपकार केलेत तर निदान ऐकवायचे, म्हणजे समोरच्याला नाकारता तरी येतात. परत येताना मी स्वतःला समजावलं की गुरुवार रविवारात धरत नाहीत. वही फक्त रविवारची असते.

रविवारी तो पुलाशी सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. सुजलेल्या नळीची सायकल, नवी टोपी. मी ठरवलं होतं की आज त्याच्या मागे जायचं नाही. पहिला मैलभर मी त्याच्या बाजूने, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालवली. तो एकदा वळून पाहायला गेला आणि मी मागे नाही म्हणून गोंधळला. मग वाऱ्याने हळूहळू मला मागे नेलं. खरं सांगायचं तर वाऱ्याने नाही, मीच गेलो. चाक त्याच्या चाकामागे गेलं आणि एकदम शांत झालं, दार लोटून घेतल्यासारखं. त्या शांततेत फक्त तो डासाचा आवाज. आता त्याचा जोर मोटारीचा होता आणि माझा जोर त्याच्या सावलीचा होता. हिशेब कुठे जातो ते दिसत असूनही मी ते वाक्य मनात पुरं केलं नाही. चढावर माझा पाय टेकला नाही.

वर भिंतीला हात लागले. वही उघडली. माझ्या रेघेचं कौतुक झालं. साडूने आधी शून्य लिहिलं, मग 'मदत'खाली, जीभ दातांत धरून, 'मोटार, पहिल्या नंबरावर'. पेन माझ्याकडे आलं. मी शून्य लिहिलं. पुढच्या चौकटीवर पेन क्षणभर थांबलं. आराखड्यात जिथे काही नसतं तिथे आम्ही एक बारीक आडवी रेघ काढतो. ती मी काढली. मान वर केली तर साडू पाहत होता. माझ्याकडे नाही, रेघेकडे. त्याला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. तो म्हणाला, "काय सुबक काढता हो तुम्ही." मला तपासून पाहायचं होतं की यात टोमणा आहे का. नव्हता. मग दंतवैद्याने हात वर करायला सांगितले. रकाना भरलेल्याने अर्धा तास उशिरा निघायचं. चार हात वर गेले. माझा खांद्यापर्यंत गेला, दंतवैद्याने तो मोजला. बाईंनी हात मांडीवरच ठेवला आणि विचारलं, "म्हणजे हे एकटे येणार?" दंतवैद्य म्हणाला, मोटार आहे की सोबतीला. छापखानेवाला आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला. साडू थर्मासचं झाकण घट्ट बसवत म्हणाला की त्याला चालेल, अर्धा तास जास्त झोप मिळेल. पुढची पानं आखायला दंतवैद्याने वही पुन्हा माझ्या पिशवीत टाकली.

उतारावर बाकीचे पुढे निघून गेले. बांधावर आम्ही दोघंच. नऊ वाजून गेले होते, वारा फिरला होता, तळ्यावरून थेट तोंडावर. साडू सवयीने पुढे झाला, मी सवयीने मागे. बरंच अंतर गेल्यावर मला जाणवलं की काहीतरी नाही. आवाज नव्हता. मी विचारलं तसं तो न वळता म्हणाला की आजच्यापुरती बंद केलीय, घरी जाताना तरी साध्या सायकलीवर जाऊ. ती सायकल साधी नव्हती. मोटार बंद केली की ती भरलेल्या हातगाडीइतकी जड. मला आधी जे वाटलं ते मी लपवत नाही. मला समाधान वाटलं. जमतंय की, म्हणजे सगळे लाडच होते. मी त्याच्या पाठीमागे आरामात बसलो होतो, गवत माझ्या दोन्ही बाजूंनी मागे वाकत होतं आणि माझ्या अंगावर वाऱ्याची झुळूकही नव्हती. त्याची पाठ डावी-उजवी हलू लागली. सदऱ्यावर खांद्यांमध्ये एक ओला डाग उमटला आणि खाली पसरत गेला. मग त्याने नेहमीसारखी मान वळवली, मी आहे का ते बघायला, आणि मला त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं. पूर्ण, खालचा ओठ लोंबत, झोपलेल्या लहान मुलाचं असतं तसं.

मी बाजूने पुढे गेलो. हे बावीस वर्षांत पहिल्यांदा. वारा असा आला की कोणी छातीवर तळहात ठेवून उभं आहे. डोकं खाली घातलं, पाठ रुंद करायचा प्रयत्न केला, पण माझी पाठ ती केवढी, रुळासारखी. बांधाच्या कडेचे चुना लावलेले दगड मी मोजत होतो. अकरा दगडांपर्यंत मी त्याला सावली दिली, म्हणजे दिली असं मला वाटलं. बाराव्याला माझा वेग इतका कमी झाला की तो मागून आला आणि काही न बोलता, उघड्या तोंडाने, पुन्हा माझ्या पुढे जाऊ लागला. जागा घ्यायला. नळ्या घातलेली छाती घेऊन हा माणूस मला वारा लागू नये म्हणून पुढे येत होता, आणि त्यात त्याला काही विशेष करतोय असं वाटतही नव्हतं. त्याच्या श्वासाचा आवाज आता मला ऐकू येत होता, ओलं कापड फाटल्यासारखा.

"चालू कर ते," मी म्हटलं.

त्याने नुसती मान हलवली. नको.

"चालू कर म्हणतो ना."

"लिहावं..." मग एक श्वास. "लागेल." पुन्हा श्वास. "पुन्हा."

"मी लिहितो."

"तुम्ही कशाला? माझं मी..."

"माझ्या नावापुढे लिहितो. चालू कर."

तो माझ्याकडे बघत राहिला, हँडल किंचित वळलं, सायकल बांधाच्या कडेला जाऊन परत आली. त्याला हसायचं होतं, पण हसण्याइतका वारा त्याच्या छातीत उरलेला नव्हता. मग त्याने अंगठ्याने ते बटण दाबलं. डास सुरू झाला. पाठ हलायची थांबली, सरळ झाली, आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. वारा बंद झाला. मी चाक त्याच्या चाकामागे नेलं, वीतभर अंतरावर, आणि मुद्दाम मोठ्याने श्वास घेतला, म्हणजे त्याला कळावं की माझंही तोंड उघडं आहे.

तो आवाज मला अजूनही सहन होत नाही. ती सुजलेली नळीसुद्धा. पिशवीतली वही पाठीला टोचत होती. ती आडवी रेघ पात्याने खरवडावी लागणार होती, श्वास रोखून, आणि तिथे कागद पातळ होणार होता. दंतवैद्याला उजेडाकडे धरून बघायची सवय नाही, पण कधीतरी कोणीतरी धरेल. त्या एका चौकटीत बावीस वर्षांचं कसं मावणार होतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि पुढच्या रविवारी अर्धा तास जास्त झोपायला मिळणार होतं, दोघांनाही.

पांढरे दगड एकामागून एक मागे जात होते. पुलाच्या थोडं आधी त्याने खांद्यावरून मान वळवली. तोंड मिटलेलं होतं.

"आहे," मी म्हटलं.